नारबोद धावणं नेत नाही

बातमी आली तेव्हा मी शाळेच्या गणवेशाला बाही जोडत होते. जुलैचे दिवस, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, आणि अशा दिवसांत प्रत्येक आईला गणवेश कालच हवा असतो. पूनम, म्हणजे माझ्या थोरल्या जावेची सून, अनवाणी धावत येऊन दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. तिच्या मुठीत तरोट्याच्या भाजीची पानं होती. ती आपण घरापासून धरून आणली आहेत हे तिला ठाऊकच नव्हतं. "काकू, आई उठून नाही राहिल्या," एवढंच ती म्हणाली. मी मशीनवरचा पाय काढला आणि तशीच तिच्यामागे निघाले... सुई त्या बाहीत रुतलेली राहिली.

जाऊबाई अंगणात भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात निवडलेली भाजी एकीकडे, निवडायची दुसरीकडे. सकाळी त्या रोजच्यासारख्या तलावाच्या पाळीवर धावून आल्या होत्या, अंघोळ केली होती, बिनसाखरेचा चहा घेतला होता. अर्जुनी मोरगावला न्यायला गाडी आणली, नेलंही. डॉक्टरांनी हात धरून पाहिला आणि हृदय थांबलं आहे, असं सांगितलं. साठीला टेकल्या होत्या माझ्या जाऊबाई. प्रेत घरून उठायच्या आधीच अंगणात कोणीतरी हळूच बोललं की सकाळी धावली होती म्हणे. मसणातून माणसं परतेपर्यंत त्याचं वाक्य झालं होतं : कांता धावून धावून मेली. दुसऱ्या दिवशी ते वाक्य चहाच्या टपरीवर होतं, पिठाच्या चक्कीवर होतं, माझ्या दुकानात ब्लाऊज टाकायला आलेल्या बायकांच्या तोंडी होतं.

मी काही लिहिणारी बाई नाही. बाजाराच्या ओळीत माझं शिलाईचं दुकान आहे आणि जन्म कात्री चालवण्यात गेला. पण गावानं माझ्या जावेच्या अंगावर जे वाक्य चढवलं, ते तिच्या मापाचं नव्हतं. असलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. म्हणून ते उसवायला बसले आहे.

कांताबाई माझी थोरली जाऊ. आमच्याकडे धाकटीनं थोरलीला 'बाई' म्हणायचं आणि नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरे. भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं नाही. काही सांगायचंच असेल तर भिंतीला सांगायचं, नाहीतर अंगणातल्या कोंबडीला, म्हणजे ते ऐकतात. माझे भासरे नामदेवराव, बाईंचा नवरा, तसे वाईट गृहस्थ नव्हेत. पण जगात जे काही आहे ते आधीच ठरून गेलं आहे आणि आपण फक्त ते मोडू द्यायचं नाही, अशी त्यांची समजूत. आणि त्यांच्या नशिबी बायको आली ती कांताबाई.

आमचं गाव अर्जुनी मोरगावहून केशोरीकडे जाणाऱ्या सडकेवर आहे. समोर तलाव, मागं टेकडी, आणि नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. मी शिंप्याच्या घरची, दुकानात वाढलेली. लग्नानंतरच्या पहिल्या रोवण्यात मला बांधीत उतरवलं तेव्हा दुपारपर्यंत कंबर गेली. धान रोवताना बाई वाकलेली असते आणि पऱ्हे, म्हणजे रोपं, खोचत खोचत मागं सरकते. पुढं काय आहे ते दिसत नाही, मागं कुठं जाणार तेही दिसत नाही, फक्त स्वतःचे हात आणि चिखल. बाईंनी त्या दिवशी माझ्या वाट्याची ओळही रोवली आणि सासूबाईंना सांगितलं की लतानंच केली. पुढं माझी मशीन आली तेव्हा लताचे पाय आता बांधीपेक्षा मशीनवर बरे, हे भासऱ्यांच्या गळी त्यांनीच उतरवलं. आज माझं जे काही दुकान आहे ते त्या ओळीवर उभं आहे.

पंचेचाळिशीच्या आसपास बाईंना चक्कर यायला लागली. त्यांच्या माहेरी हृदयाचं दुखणं होतं. बाप आणि दोन्ही भाऊ छातीत कळ येऊन गेलेले, आणि त्यांतल्या एकानंही पन्नाशी पाहिली नव्हती. हे गावाला माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे. 'धावून मेली' म्हणताना मात्र हे कोणाला आठवत नाही. डॉक्टरांनी शुगर सांगितली, रोज चालायला सांगितलं आणि भात कमी करायला सांगितलं. चालणं ठीक आहे हो, पण भात? आमच्याकडे सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, आणि पाहुण्यानं पोळी मागितली तर घरात कोणी आजारी आहे का म्हणून विचारतात. धानाच्या मुलखात भात सोडणारी बाई म्हणजे माहेर तोडल्यासारखीच. बाईंनी एका वेळेचा भात ठेवला, तोही मूठभर. गिरणीवाल्याला सांगितलं की माझ्या तांदळाला एकच हात पॉलिश मार, लाल राहू दे. तो म्हणाला की असला तांदूळ तर ढोरं खातात. बाई म्हणाल्या की मग ढोरांना शुगर काऊन होत नाही ते सांग. बाकी ताटात ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, उकडलेली बरबटी, म्हणजे चवळी, घरामागच्या सांदवाडीतली अंबाडी, पावसाळ्यात तरोटा, कधी तलावातली मासोळी. लग्नाच्या पंगतीत वाढपी भाताचा ढीग घेऊन आला की त्या पत्रावळीवर हात आडवा धरत. यजमान रुसत, नवऱ्या मुलाची आई रुसे. बाईंचा हात काही हालत नसे.

चालायला निघाल्या तर गावाला आणखीनच चेव आला. शेतात एवढी खपते, तर वरून फिरायले कायले जाते, असं जो तो विचारी. मीही एकदा विचारलं, कारण मला स्वतःला दुकानातून घरी जायचा कंटाळा. बाई माझ्या मशीनजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "जल्मभर रोवणा करत मागंमागं सरकलो, लता. आता जराशी समोर जाऊन पायतो." मी हसले. नंतर काज करताना ते वाक्य पुन्हा पुन्हा बोटाशी येत राहिलं.

धावणं सुरू झालं ते नारबोदच्या सकाळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नारबोद निघते, म्हणजे चिंध्या, पळसाची पानं, काटक्या यांची एक बाई करायची आणि तांबडं फुटतं न फुटतं तोच तिला गावाच्या शिवेबाहेर हाकलत न्यायचं. तिच्यासोबत गावातले रोग जातात अशी रीत. मागून सगळं गाव धावतं आणि ओरडतं : खोकला घेऊन जा गे नारबोद, ताप घेऊन जा, माश्या-मच्छर घेऊन जा. ज्याला जे नको असेल ते तो ओरडतो. शिवेवर तिला जाळून परत फिरायचं आणि येताना मागं वळून पाहायचं नाही, नाहीतर रोग मागोमाग येतात. वर्षातली ही एकच सकाळ, जेव्हा आमच्या गावात लुगड्यातली बाई धावली तर कोणी काही म्हणत नाही. त्या वर्षी बाई गर्दीत पुढं होत्या आणि खणखणीत ओरडल्या, "शुगर घेऊन जा गे नारबोद!" लोक हसले. मग दुसरी कोणी बीपी म्हणाली, तिसरीनं गुडघे म्हटलं. शिवेवर नारबोद पेटली आणि गाव परत फिरलं. बाई फिरल्याच नाहीत. मागं वळून पाहायचं नाही हा नियम त्यांनी असा काही पाळला की सरळ तलावाच्या पाळीवर चढल्या आणि दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेल्या. धापा टाकत दुकानावर आल्या तेव्हा चेहरा लालबुंद. म्हणाल्या की वर्षातून एकदा पळवून रोग जात असेल, तर रोज पळवला की परत येणार कुठून?

तेव्हापासून रोज. आधी लुगडं खोचून, पायात पोराचे जुने कॅनव्हासचे बूट. लुगड्यात पाय अडकून एकदा पाळीवरून खाली बेशरमीच्या झुडपात गेल्या, तेव्हा माझ्याकडे आल्या. मी त्यांना सलवार शिवली. साधी नाही, मांड्यांच्या मधला जोड, ज्याला आम्ही मियानी म्हणतो, तो रुंद ठेवून, म्हणजे पाय कुठंही टाकला तरी शिवण उसवायची नाही. ती सलवार पहिल्यांदा त्यांच्या अंगणात दोरीवर वाळत पडली तेव्हा भासऱ्यांनी माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं. तुझ्या बायकोला सांग, माझ्या घरी पैजामे पाठवत जाऊ नको म्हणावं, असा निरोप मला मिळाला. मी दुसरी शिवून पाठवली. एक धुवायला, एक घालायला.

गावाची कंबर माझ्या टेपला ठाऊक असते. कोण फुगलं, कोण वाळलं, कोणाला दिवस गेले, हे नवऱ्यांच्या आधी मला कळतं. बाईंचं माप मी दर दिवाळीला घेत होते. त्या नुसत्या बारीक झाल्या नाहीत. खांदे मागं गेले, पाठ सरळ झाली. रोवण्यानं वाकलेली पाठ पन्नाशीत सरळ होताना मी दुसरी पाहिली नाही. दंड मात्र वाढले, आणि त्याचं कारण गोटा.

टेकडीच्या पायथ्याशी एक मोठा खडक आहे, त्याला आम्ही नुसता गोटा म्हणतो. बाईंचं धावणं सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा हिवाळ्यात नागपूरची काही पोरं-पोरी त्यावर चढायला यायला लागली. दोर, पट्टे, चापूनचोपून बसणारे बूट. गाव तमाशा पाहून आलं. बाई पाहून आल्या आणि गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की मला भीती वाटे. दुसऱ्या खेपेला त्यांनी त्यांतल्या ऋचा नावाच्या मुलीला विचारलंच की मला जमेल का. ती म्हणाली, पडायला जमेल का? आधी पडायचं शिकवते. पण त्याआधी बाई नारळ घेऊन टोलीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवर, गेल्या. गोट्याच्या एका अंगाला टोलीवरच्या गोंड कुटुंबांचा देव आहे. तिथल्या म्हाताऱ्यानं सांगितलं की देवाचं अंग सोड, दुसऱ्या अंगानं खुशाल चढ, आणि पडलीस तर मला सांगायला येऊ नको.

त्या पडल्या. पहिला हिवाळा तर माणसाच्या उंचीपलीकडे गेल्याच नाहीत. पोरं आपल्या जाड गाद्या घेऊन परत गेली की खाली अंथरायला काही नसे, म्हणून आम्ही बारदान्याची पोती शिवली आणि त्यात गिरणीवरचा कोंडा भरला. धानाच्या गावात फुकट काय मिळतं, तर कोंडा. दोनदा पडल्यावर तो दबून असा घट्ट झाला की खाली एक गोटा, वर एक गोटा, मधे बाई. कुल्ल्यावर काळानिळा डाग घेऊन आठवडाभर माझ्या स्टुलावर तिरक्या बसत होत्या. मग कोंडा ओतून टाकून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरली, ती बरी लागली. हाताला घाम येऊन पकड सुटते म्हणून त्या पोरांकडे पांढरी भुकटी असे. बाईंनी ती बोटांत चोळून पाहिली आणि चुलीची राख आणली. ऋचा हसली, मग तिनंही लावून पाहिली आणि म्हणाली, भुकटीइतकी नाही, पण चालते. राखेतला खडा बोटाला टोचतो, म्हणून बाई ती रोज संध्याकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळत, आणि चुलीसमोर पिढ्यावर बसलेले भासरे हे कोणतं नवीन खूळ म्हणून पुटपुटत. ती राख ठेवायला मी एक थैली शिवली. शाळेच्या गणवेशाचं उरलेलं निळं कापड, आत दुहेरी अस्तर, कमरेला बांधायला नाडी. त्या थैलीची खुंटी चुलीजवळ होती.

तिसऱ्या हिवाळ्यात त्या वर पोचल्या. मी खाली तणशीच्या पोत्यापाशी डोळे मिटून उभी होते. दोर होता, ऋचा होती, तरी माझ्या तोंडातून देवाचं नाव जात नव्हतं. खूप वेळानं वरून हाक आली, "लता, शिदोरी पाठव वर. भूक लागली." डोळे उघडले तर बाई गोट्याच्या माथ्यावर पाय सोडून बसलेल्या. मी एवढी रडले आणि एवढी हसले की ऋचाला कळेना मला काय झालं. दोराला बांधून मी अर्धी भाकर आणि जवसाची चटणी वर पाठवली. मला वाटतं, त्या गोट्याच्या माथ्यावर बसून जेवलेली आमच्या गावची ती पहिलीच बाई.

पूनमला दुसऱ्या बाळंतपणात शुगर निघाली आणि ती नंतरही गेली नाही. तेव्हा तिचा नवरा नागपूरला कामाला होता, आजही आहे, पंधरा दिवसांनी घरी येतो. सून रडत बसली. बाईंनी तिला रडू दिलं, मग माझ्याकडून तिच्या मापाची सलवार शिवून घेतली आणि दुसऱ्या सकाळी पाळीवर नेली. तिच्या माहेरचे भांडायला आले, आमच्या लेकराला पळवून मारता का म्हणून. बाईंनी त्यांना बसवलं, ताक दिलं आणि जे बोलल्या ते मी दारात उभी राहून ऐकलं. "मरू नाही म्हणून थोडीच धावतो आमी? मरण येईनच. जवरीक आहो, तवरीक आपल्या हातापायानं उठाव, बसाव. दुसरं काही मांगणं नाही." पूनम धावायला लागली, तिचं पाहून आणखी चार जणी निघाल्या. गोट्यावर तर पूनम सासूच्या पुढं गेली. सासू खालून ओरडत राही की उजवा पाय वर टाक, मियानी आहे, उसवत नाही.

तर अशी ही बाई. आणि गाव म्हणतं, धावून मेली. मला कापड कुठं विरलं ते दिसतं, माणूस आतून कुठं विरलं ते दिसत नाही, आणि डॉक्टरांनाही ते नेमकं सांगता आलं नाही. मग पाराच्या कठड्यावर पाय हलवत बसणाऱ्यांना कसं कळलं? मी एवढंच जाणते की तिच्या माहेरी कोणाला न दिसलेली वर्षं तिनं पाहिली, आणि ती सगळी उभ्यानं पाहिली.

तेरवीच्या पंगतीत मी वरण वाढत होते. नात्यातले एक म्हातारे मामाजी, ज्यांच्या पायाचं बोट शुगरनं कापावं लागलं आहे, तिसऱ्यांदा भात घेत म्हणाले की धावून काय भेटलं तिले, घरी बसून राहिली असती तर आज असती. मी वरणाची बादली खाली ठेवली. म्हटलं, "मामाजी, तुमी तं बसूनच आहा ना? मंग बोट कुठं गेलं?" मी बादली उचलली आणि पुढच्या पानावर वरण वाढलं. नंतर घरी नवऱ्यानं माझी चांगलीच कानउघाडणी केली, म्हणे तेरवीच्या दिवशी असं बोलतात का. कोणत्या दिवशी बोलायचं ते सांगा, मी त्या दिवशी बोलते, असं मी म्हणाले.

पण खरा घाव त्या संध्याकाळी बसला. पाहुणे गेल्यावर भासरे अंगणात आले आणि भिंतीकडे पाहून बोलले, म्हणजे मी आणि पूनम दोघींना. "या घरची बाई आता पाळीवर नाही जाय. एक गेली, पुरे झालं." त्यांनी बाईंचे बूट उचलून माळ्यावर टाकले. पूनमचेही टाकले. मुलगा तिथं होता, त्यानं बापासमोर तोंड उघडलं नाही. आणि नामदेवरावांचं घर जे करतं ते बाकीच्या घरांनी पाहून ठेवलं असावं, कारण त्या आठवड्यात उरलेल्या चौघींचंही जाणं बंद झालं. पाळीवर पुन्हा फक्त बकऱ्या दिसायला लागल्या.

महिन्याभरात पूनम ब्लाऊज घेऊन आली, दंडात होत नाही म्हणून. मी टेप लावली. दोन बोटं सोडावी लागणार होती. डॉक्टरांनी गोळी वाढवल्याचं तिनं सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडं पाहत नव्हती. बाईंनी इतकी वर्षं जे शिवत आणलं होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर टाका टाका उसवत होतं. मेलेल्या बाईबद्दल लोक काय म्हणतात ते एक वेळ सोडून देता आलं असतं. पण त्या म्हणण्यापायी ही जिवंत पोर दोन लेकरांना घेऊन घरात बसून फुगणार, हे मला सोसवेना. भासऱ्यांना सांगणार कशी? भिंतीला सांगून हे काम होणारं नव्हतं.

मग पोळा आला, आणि दुसऱ्या सकाळी नारबोद. शिलाई तुंबली होती म्हणून पहाटेच दुकान उघडायला मी ओट्यावर उभी होते. गल्लीतून आरडाओरडा करत पोरांची झुंड आली आणि मी पाहिलं की यंदाच्या नारबोदच्या पायात फाटके कॅनव्हासचे बूट बांधले होते. पोरं ओरडत होती, "धावणं घेऊन जा गे नारबोद!" पोरंच ती, गंमत म्हणून. मोठी माणसं मागून हसत होती, आणि हसण्याच्या वयाची ती खासच नव्हती. मी मागोमाग गेले, तर बाईंच्या घरासमोर झुंड मुद्दाम रेंगाळली. भासरे दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी कधी सरळ पाहिलेला नाही, पण त्या दिवशी पाहिला... आणि मला राहवलं नाही.

मी गर्दीतून पुढं घुसले आणि झुंडीच्या आडवी उभी राहिले. नारबोदच्या पायांतले बूट ओढून काढले. सुतळी तुटेना तर दातानं तोडली. या झटापटीत डोक्यावरचा पदर खांद्यावर आला आणि भासरे समोर होते, पण तो सावरायला माझे हात रिकामे नव्हते. म्हटलं, "नारबोद रोग नेते. ताप नेते, खोकला नेते. धावणं कोणाचा रोग होय, सांगा मले. कोणाले झाला? कांताबाईनं शुगर नेजो म्हटलं होतं नारबोदले, तुमी तिचे बूटच बांधून देऊन राहिले?" पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मागची मोठी माणसं कोणाला तरी हाक मारायची आठवण झाल्यासारखी पांगली. मग एका पोरानं चाचरत मच्छर घेऊन जा म्हटलं आणि बिनबुटाची नारबोद शिवेकडे निघाली. भासरे आत निघून गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. रात्रभर मनात भांडण रचलं होतं. आधी सुनेची गोळी सांगायची, मग बाईंचे पन्नाशीआधी गेलेले भाऊ सांगायचे, आणि नाहीच ऐकलं तर माळ्यावर चढून बूट स्वतः उतरवायचे, मग नात्याचं काय व्हायचं ते होवो. पदर नीट घेऊन सांदवाडीच्या दारानं आत शिरले आणि थांबले. भासरे चुलीसमोर उकिडवे बसले होते. एका हातात त्यांच्याच जुन्या धोतराचं फडकं, दुसऱ्या हातात वाटी. राख गाळत होते. नाकाला, मिशीला राख लागलेली. निळी थैली मांडीवर, तोंड उघडं. शेजारी दोन जोड बूट, धुवून उपडे ठेवलेले. मी आल्याचं त्यांना कळलं. आज भिंतीकडे वळले नाहीत, माझ्याकडेच पाहून बोलले, "बारीक गाळा लागते. खडा राहिला तं बोटाले टोचते, म्हणे ते." वाटी थैलीत रिकामी केली. मग म्हणाले, "पूनमले सांगजा. थैली भरली म्हणून."

मी पूनमला निरोप दिला. आणि खरी गोष्ट अशी की पावसाळ्यात राखेचा काही उपयोग नसतो. गोटा शेवाळानं हिरवा झाला आहे, दिवाळीपर्यंत त्यावर खारसुद्धा चढणार नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही, पूनमनंही सांगितलं नाही. ती बूट घालून पाळीवर गेली. दुसऱ्या आठवड्यात चौघींपैकी तिघी परत आल्या, चौथीच्या सासूशी माझं बोलणं सुरू आहे आणि ते फार दिवस चालणार नाही. मी स्वतः अजूनही धावत नाही. तीन वेळच्या भाताचा एक वेळचा केला आहे, तोही कुरकुरत. पाळीपर्यंत चालत जाते आणि त्या परत येईपर्यंत दगडावर बसून राहते. गाव बोलायचं ते बोलतं. बोलू दे, तोंडालाही व्यायाम लागतो.

थैली चुलीजवळच्या खुंटीवर आहे. पावसाळी हवेनं राखेला ओल धरते, म्हणून भासरे दर दोन-चार दिवसांनी जुनी राख अंबाडीच्या वाफ्यात टाकतात, ताजी गाळून भरतात आणि नाडी ओढून बांधतात. मी तिचं अस्तर बदललं, शिवण दुहेरी घातली. बारदान्याची पोती काढून ठेवली आहेत, तणस नवी येईल.

गोटा वाळू द्या फक्त.